न संपणारं शेत कसं लिहावं

बॅकरूम्स हे इंटरनेटवरच्या भयकथांचं एक काल्पनिक विश्व. नाव घेतलं की पिवळट भिंती, ओलसर गालिचा आणि ट्यूबलाइटची गुणगुण आठवते. 2019 च्या मे महिन्यात फोरचॅन या निनावी चर्चांच्या संकेतस्थळावर एका फोटोखाली कुणीतरी निनावी माणसाने चार ओळी लिहिल्या आणि हे विश्व सुरू झालं. फोटो होता 2002 सालचा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात ऑशकॉश इथे दुरुस्तीसाठी रिकाम्या केलेल्या एका दुकानाचा. पुढे असंख्य हौशी लेखकांनी त्याला एकेक पातळी, म्हणजे नंबर दिलेली वेगळी जागा, जोडली. त्यातली दहावी पातळी मला सगळ्यात जवळची वाटते. ती म्हणजे गव्हाचं शेत, सगळ्या बाजूंनी अथांग पसरलेलं.

मी निफाड तालुक्यातली, गव्हातच वाढले. मराठीत कुणी असं शेत लिहिलं की मी आवर्जून वाचते. बहुतेक ठिकाणी ‘शेत संपतच नव्हतं’ हे वाक्य चारदा येतं, पण गव्हाचं एक कुसळही कपड्याला लागत नाही. वाचणारा घाबरावा असं वाटत असेल तर आधी खरं शेत उभं करा. मग त्यातली एकेक गोष्ट काढून घ्या.

पहिल्यांदा काढायचा तो बांध. आपल्याकडे हातभर बांधावरून सख्खे भाऊ कोर्टात जातात. बांध आला की गट नंबर आला, मालक आला, वाटेकरी आला, चहा घेऊन येणारं पोर आलं. बांधच नसेल तर शेताला मालक नाही. आणि मालक नसताना पीक जोमदार उभं असेल, तर ते पेरलं कोणी? गोष्टीतली सगळी भीती याच प्रश्नातून काढायची. मैलांचे आकडे फेकून ती येत नाही.

पण बांध काढलाय हे वाचणाऱ्याला कळायचं, तर बाकीचं शेत त्याला ओळखीचं वाटायला हवं. खरा गहू कधीच एकसारखा नसतो. पेरणीची पाभर वळवली तिथे ओळी वाकड्या होतात. युरिया जास्त पडला तो पट्टा गर्द हिरवा दिसतो आणि पुढे वारं आलं की तोच आधी लोळतो. पाटाकडेचं पीक उंच, पाणी पोचत नाही तिथलं खुरटं. कुठे तांबेरा रोग, कुठे चांदवेलाचं तण. आमचे आप्पा रस्त्यावरून जाता जाता सांगायचे, इथे दारं धरणाऱ्याला, म्हणजे पाटाचं पाणी वळवणाऱ्याला, डुलकी लागली होती. माणसाच्या चुका शेतात अशा वाचता येतात. तुमच्या शेतात एकही चूक ठेवू नका. प्रत्येक काडी सारख्या उंचीची, प्रत्येक ओंबी सारखी भरलेली. तुमच्या नायिकेला हे लगेच जाणवू देऊ नका. बराच वेळ चालल्यावर तिने थांबून दोन ओंब्या शेजारी शेजारी धरून बघाव्यात.

पीक कोणत्या अवस्थेत आहे तेही आधी ठरवा, कारण आवाज त्यावर ठरतो. चिकात असलेला, म्हणजे दाणा अजून दुधाळ असलेला गहू वाऱ्यात मऊ सळसळतो. पिकलेला कोरडा, करकरीत वाजतो. मी पिकलेलाच निवडते. कापणीला आलेला गहू फार दिवस उभा ठेवता येत नाही, दाणे झडतात. तुमच्या शेतात तो तसाच उभा राहील, दिवसामागून दिवस, एकही दाणा न झडता.

गोष्ट मूळ विश्वाप्रमाणे अमेरिकेतच ठेवणार असाल तर तिथली जमीनही नीट समजून घ्या. 1785 च्या कायद्याने तिथे जमिनीची मोजणी एक मैलाच्या चौकोनांत सुरू झाली. कॅन्सससारख्या राज्यात आजही बरेच रस्ते त्याच रेषांवर आहेत. म्हणजे साध्या चालीने वीसेक मिनिटांत रस्ता लागायला हवा. तिथल्या माणसाच्या हे अंगवळणी पडलेलं असतं. पात्र तिथलं असेल तर त्याची पहिली धास्ती याच हिशोबातून येऊ द्या: अर्धा तास झाला, रस्ता नाही.

क्षितिजाचाही हिशोब ठेवा. सपाट जमिनीवर उभ्या माणसाला क्षितिज साधारण साडेचार किलोमीटरवर दिसतं. क्षितिजावर पायथ्यासकट दिसणारं लाकडी कोठार तासाभराच्या वाटेवर असलं पाहिजे. पात्राला तीन तास चालवा आणि कोठार तेवढंच दिसू द्या. पोचलीच, तर छपरावर चढू द्या. दहा मीटर उंचीवरून अकरा-एक किलोमीटर दिसतं. तिला तेवढंच दाखवा, सगळीकडे तोच गहू.

उजेड असू द्या, सूर्य नको. सावली गेली की दिशा जाते. ट्युबिंगनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या यान साउमन यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना जर्मनीतल्या जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितलं होतं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती सरळ गेली; तो झाकला की नकळत गोल फिरू लागली. डोळे बांधल्यावर तर काहींची वर्तुळं वीस मीटरांहूनही लहान निघाली.

आपल्या लोकांना हे प्रयोगाशिवाय ठाऊक आहे. रात्री शेतातून येताना माणूस त्याच बाभळीपाशी पुन्हा पुन्हा येतो, त्याला चकवा लागणं म्हणतात. त्यावरचा उपायही जुनी माणसं सांगतात: आहे तिथेच बसायचं, तांबडं फुटेपर्यंत हलायचं नाही. मराठी वाचकासाठी लिहिताना हा उपाय जरूर वापरा. पात्राला तो आठवू द्या, तिला आजीच्या विश्वासाने खाली बसू द्या. या शेतात तांबडं फुटतच नाही.

बुजगावणं मात्र जपून. ते आलं की लोक त्याने मान हलवण्याची वाट बघतात. ते हलवूच नका. आधी शेतात एकही पाखरू नाही हे वाचणाऱ्याच्या लक्षात आणून द्या आणि मग बुजगावणं उभं करा. ते कुणाला भिववायला लावलंय, हे त्याचं तो ताडेल.

राक्षस दाखवायचा मोह होईल तेव्हा गव्हाच्या काडीकडे या. मी असं लिहीन:

‘पुढे गहू आडवा झालेला दिसला आणि सुमनला हायसं वाटलं. म्हणजे आपण गोल फिरलो, ही आपलीच वाट. ती वाकली. काडी बुडापासून वीतभरावर मोडली होती. ओंबी तिच्याकडे तोंड करून पडली होती. पुढचीही. त्याच्या पुढचीही. तिने मागे वळून पाहिलं. मागच्या ओंब्याही तिच्याकडेच तोंड करून होत्या.’

पिकल्या गव्हातून माणूस गेला की काडी चालण्याच्या दिशेने पडते. म्हणून मागची वाट तिची, हे बरोबर. पुढची तिची असती तर ओंब्या तिच्यापासून लांब, पुढे पडल्या असत्या. कुणीतरी समोरून आलंय आणि ती उभी आहे तिथपर्यंत पोचलंय. हे समजावून सांगणारं वाक्य गोष्टीत घालू नका. शेतकऱ्याच्या घरातला वाचक आधी दचकेल, बाकीचे दुसऱ्या वाचनात.

खर्डा झाला की ‘भयाण’, ‘गूढ’, ‘अनामिक’, ‘जीवघेणी शांतता’ हे शब्द शोधून खोडा. त्या जागी नाक, कान, त्वचा यांतलं काही येतंय का बघा: घोट्याला कुसळाची आग, नाकात भुशाची धूळ, घशाला कोरड. पाण्याचा प्रश्न टाळू नका. शेत आहे म्हटल्यावर विहीर कुठे, हा विचार मराठी वाचक तिसऱ्या परिच्छेदातच करतो.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. विकिडॉट या संकेतस्थळावरच्या बॅकरूम्सच्या विकीतलं लिखाण क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बाय-एसए 3.0 परवान्याखाली आहे. तिथली एखादी पातळी किंवा प्राणी उचललात तर मूळ लेखकाचं नाव द्या आणि तुमची गोष्टही त्याच परवान्याखाली ठेवा. शेत सर्वस्वी तुमचंच असेल तर हा प्रश्नच येत नाही.