इंजिन बदलल्यावर स्टार्टर नुसता ‘टक्’ करतो, ॲक्सिलरेटर केबल तापते
जुन्या जीपमध्ये दुसरं डिझेल इंजिन बसवलं. चावी फिरवली की नुसतं ‘टक्’, आणि ॲक्सिलरेटर केबलमधून धूर. मिस्त्री म्हणाला, “यावरच चहा ठेवू.” नवी बॅटरी, स्टार्टर दोनदा खोलला; पैसे पाण्यात.

शेवटी मीटर लावला. स्टार्टर मारताना बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिन ब्लॉक यांच्यात 4 व्होल्ट! 0.5 च्या आत हवं. निगेटिव्ह फक्त चासीला (गाडीच्या सांगाड्याला), इंजिन रबरी माउंटिंगवर, दोघांना जोडणारी अर्थिंगची पट्टीच बसवायची राहिलेली. रबरातून करंट जात नाही, म्हणून स्टार्टरचा करंट ॲक्सिलरेटर केबलमधून परत येत होता.

आधी निगेटिव्ह काढला. गिअरबॉक्सच्या बोल्टाची आणि चासीवरची जागा चकचकीत लोखंड दिसेपर्यंत खरवडली. विणीची जाड तांब्याची पट्टी दातेरी वॉशर घालून दोन्हीकडे आवळली, वरून व्हॅसलीन, मग निगेटिव्ह जोडला. आता 0.2 व्होल्ट, पहिल्या चावीला चालू. जळकी केबल मात्र बदलावी लागली.