एक्सएमएलमधून लिस्ट भरताय? या चुका टाळा

एरर आली तर बरंच म्हणायचं, निदान कुठे शोधायचं ते कळतं. कोड बिनबोभाट चालतो आणि लिस्ट मात्र रिकामी, अर्धी किंवा चुकीच्या आकड्यांची निघते, तेव्हा खरे दिवस वाया जातात. म्हणून इथे भर अशाच गप्प राहणाऱ्या चुकांवर आहे.

उदाहरणाला खरी फाइल घेऊ. युरोपियन सेंट्रल बँक कामाच्या दिवशी युरोचे संदर्भ दर एक्सएमएलमध्ये, म्हणजे माहिती टॅगांत बांधून लिहिण्याच्या पद्धतीत, प्रसिद्ध करते. मुळाशी ‘एन्व्हलप’, त्यात ‘क्यूब’, त्याच्या पोटात तारखेचा ‘क्यूब’ आणि त्यात प्रत्येक चलनाचा एकेक ‘क्यूब’. चलनाचं नाव आणि दर ही ॲट्रिब्यूट्स, म्हणजे टॅगच्या आतच लिहिलेली माहिती. आपण सी शार्प या भाषेत, लिंक टू एक्सएमएल ही तिची एक्सएमएल वाचायची सोय वापरून, हे दर डिक्शनरीत, म्हणजे ‘की’ आणि तिची किंमत अशा जोड्यांच्या लिस्टमध्ये, भरणार आहोत. इथे ‘की’ म्हणजे चलन.

लिस्ट रिकामी येते

आतले सगळे टॅग शोधणाऱ्या ‘डिसेंडंट्स’ला नुसतं ‘क्यूब’ सांगितलं की शून्य नोंदी मिळतात. फाइल उघडून पाहिली तर ‘क्यूब’ डोळ्यांसमोर दिसतो, म्हणून माणूस चक्रावतो. कारण मुळाशी असलेला डीफॉल्ट नेमस्पेस, म्हणजे आतल्या सगळ्या टॅगना आपोआप लागणारं जणू आडनाव. त्यामुळे क्यूबचं पूर्ण नाव ‘नेमस्पेस अधिक क्यूब’ असं होतं. ‘एक्सनेमस्पेस’चा व्हेरिएबल करा आणि तो नावाला जोडा.

एवढं समजलं की पुढची चूक हमखास होते: तोच नेमस्पेस ॲट्रिब्यूटलाही जोडला जातो आणि हाती नल, म्हणजे ‘काहीच नाही’, येतो. डीफॉल्ट नेमस्पेस ॲट्रिब्यूटला लागू होत नाही. तिथे नुसतं ‘करन्सी’ आणि नुसतं ‘रेट’ असंच लिहायचं.

नल रेफरन्स

आता तिन्ही पातळ्यांवरचे क्यूब मिळतात. सर्वांत बाहेरच्याला ‘करन्सी’च नाही, त्यामुळे त्याची ‘व्हॅल्यू’ मागताच पहिल्याच फेरीत प्रोग्राम कोसळतो. ‘करन्सी’ नल नसलेलेच क्यूब आधी ‘व्हेअर’ने वेगळे काढा.

९० दिवसांच्या फाइलवर तोच कोड चालवला तर ‘टू डिक्शनरी’ पुन्हा थांबेल, कारण डॉलर रोज येतो आणि डिक्शनरीत तीच ‘की’ दुसऱ्यांदा चालत नाही. तिथे ‘की’ म्हणून तारीख आणि चलन दोन्ही हवीत.

दर दहा हजारपट होतो

माझ्या मते सगळ्यांत घातक चूक हीच. फाइलमधला १.०८४२ हा दर, मजकुराचा आकडा करणाऱ्या ‘डेसिमल पार्स’ने वाचला तर आपल्याकडच्या संगणकावर बरोबर येतो. पुण्यात टेस्टिंग सुरळीत पार पडतं. तोच प्रोग्राम जर्मन सेटिंगच्या सर्व्हरवर गेला की टिंब हजारांचं चिन्ह मानलं जातं आणि किंमत १०८४२ होते. एरर नाही, वॉर्निंग नाही. ‘इन्व्हेरियंट कल्चर’ (कुठल्याही देशाच्या सेटिंगवर न चालणारी पद्धत) द्या, किंवा त्याहून सोपं म्हणजे ॲट्रिब्यूटच थेट डेसिमलमध्ये कास्ट करा, म्हणजे बदलून घ्या. ते कास्टिंग संगणकाच्या सेटिंगकडे बघतच नाही. शिवाय नलेबल (नलही चालणाऱ्या) डेसिमलमध्ये कास्ट केलंत तर ॲट्रिब्यूट नसताना नल मिळतो, प्रोग्राम पडत नाही.

एकाआड एक नोंद गायब

१९९९ पासूनच्या सगळ्या दरांची फाइल मोठी आहे. ती अख्खी मेमरीत न घेता, तुकड्यातुकड्याने पुढे सरकणाऱ्या ‘एक्सएमएल रीडर’ने वाचावी, हा विचार योग्यच. लूपमध्ये ‘रीड’, आणि तारखेचा क्यूब आला की ‘रीड फ्रॉम’ने तो उचलायचा. पण ‘रीड फ्रॉम’ काम संपवताना रीडरला त्या क्यूबच्या पलीकडे, पुढच्या नोडवर (टॅग किंवा मजकुराच्या पुढच्या तुकड्यावर) नेऊन ठेवतो. लूपचा ‘रीड’ तिथून आणखी एक पाऊल टाकतो आणि तो नोड हुकतो.

फाइल नीट ओळी पाडून लिहिलेली असेल तर मध्ये कोरी जागा असते. तीच हुकते आणि सगळं बरोबर दिसतं. फाइल एका ओळीत आली, किंवा ‘इग्नोअर व्हाइटस्पेस’ चालू केलं, की निम्म्या तारखा नाहीशा. उपाय असा: लूपची अट फाइल संपेपर्यंत ठेवा, आणि ज्या फेरीत ‘रीड फ्रॉम’ झालं त्या फेरीत ‘रीड’ करू नका. चाचणीची एक फाइल मुद्दाम एका ओळीत ठेवा.

छोट्या पण नेहमीच्या

पहिल्या ओळीच्या पहिल्याच जागेवर रूटचा डेटा अवैध असल्याची तक्रार आली तर आधी बघा, लिंक टू एक्सएमएलच्या ‘पार्स’ला फाइलचा पत्ता दिलाय का. त्याला मजकूर लागतो. पत्ता ‘लोड’ला द्यायचा.

क्वेरीच्या, म्हणजे नोंदी निवडणाऱ्या कोडच्या, शेवटी ‘टू लिस्ट’ विसरलात तर प्रत्येक फेरीला क्वेरी नव्याने चालते आणि दर वेळी वेगळे ऑब्जेक्ट मिळतात. पहिल्या फेरीत केलेले बदल दुसऱ्या फेरीत दिसत नाहीत.

आणि रुपया शोधताना ‘फर्स्ट’ नको, नोंद नसेल तर ते एरर देतं. या दरांत रुपया २००९ पासून आहे, त्याआधीच्या तारखांना नोंदच सापडणार नाही. ‘फर्स्ट ऑर डीफॉल्ट’ घ्या आणि नल तपासा. शनिवार-रविवारची तारीख तर फाइलमध्ये नसतेच, तेव्हा आधीच्या कामाच्या दिवसाचा दर घ्यायचा की नाही, हे ग्राहकाला विचारूनच ठरवा.