टाळूवर टॅटू करायचाय? मग हे बघून घ्या

आधी एक क्लिअर करतो, स्काल्प मायक्रोपिगमेंटेशनने (म्हणजे टक्कल झाकायला डोक्यावर करतात त्या टॅटूने) केस उगवत नाहीत, फक्त बारीक ठिपके टोचून ट्रिमर मारल्यासारखा लूक येतो. केलॉइड (जखमेच्या जागी जाड, फुगीर व्रण येणं) किंवा टाळूवर सोरायसिस असेल तर आधी स्किनच्या डॉक्टरला विचारा.

आर्टिस्ट निवडताना ताजे फोटो नको, वर्ष-दोन वर्षं जुनी कामं दाखवायला सांगा, कारण सुई खोल गेली की ठिपके पसरतात आणि निळसर दिसायला लागतात, ते मग लेझरनेच काढावं लागतं. हेअरलाइन पट्टीने आखल्यासारखी सरळ आणि खाली अजिबात नको, चाळिशीनंतर विचित्र दिसते राव!

साधारण 2-3 सेशन लागतात, मध्ये आठ-दहा दिवस गॅप. नंतर सुरुवातीचे काही दिवस शॅम्पू, घाम, स्विमिंग बंद, खपल्या खाजवायच्या नाहीत. पुढे सनस्क्रीन लावत जा, उन्हाने रंग फिका पडतो, काही वर्षांनी टचअप लागतोच.