जर्बिल कोपरा खणतंय? खेळणी नकोत, बीळ द्या

जर्बिल, म्हणजे उंदरासारखा दिसणारा छोटा पाळीव प्राणी, पेटीचा एकच कोपरा तासन्‌तास खरवडायला लागलं की घरोघरी एकच निदान होतं: कंटाळलंय, बाहेर यायचंय. मग कुणी आरसा-घंटी आणतं, कुणी संध्याकाळी हॉलमध्ये मोकळं सोडतं, कुणी पारदर्शक प्लॅस्टिकच्या चेंडूत घालून घरभर लोळवतं. खरवडणं काही थांबत नाही. थांबणार कसं? त्याला बाहेर यायचंच नसतं, त्याला खाली जायचं असतं.

पाळीव जर्बिल मूळचं मंगोलिया आणि उत्तर चीनच्या कोरड्या गवताळ माळांवरचं. तिथे ते हात-दीड हात खोल बिळात कुटुंबकबिल्याने राहतं. ख्रिस्तोफ विडेनमायर या संशोधकाने १९९७ साली जर्बिलच्या पिल्लांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. खणायला भरपूर वाळू मिळालेली पिल्लंही कोपरा खरवडत राहिली. ज्यांना आयता बोगदा आणि त्याच्या टोकाला अंधारी खोली मिळाली, त्यांना मात्र खणायला काही नसतानाही ही सवय लागली नाही. म्हणजे खणणं ही हौस नाही. बीळ सापडलं की हात थांबतात. पळून जाण्याचे बहुतेक प्रकार मी याच गोष्टीशी जोडतो, आणि खाली लिहिलेलं सगळं त्यावरच उभं आहे.

एक गोष्ट आधीच. जर्बिल एकटं असेल तर कुठलाही उपाय अर्धाच लागू पडतो. दोन सख्खे भाऊ किंवा दोन सख्ख्या बहिणी लहानपणापासून एकत्र ठेवा. मोठं झालेलं अनोळखी जर्बिल 'सोबतीला' म्हणून थेट पेटीत सोडू नका, रक्त निघतं. दुकानदार 'जोडी जमते' म्हणाला तरी नाही.

पेटी आणि झाकण

तारेचा पिंजरा विसरा. त्यात भर, म्हणजे खणायला तळाशी टाकायचा थर, टिकत नाही आणि तारा चावून नाक सोलून निघतं. जुना फिश टँक घ्या: तीन फूट लांब आणि दीड-दोन फूट उंच. गळका असला तरी चालतो, उलट स्वस्त पडतो.

झाकण लाकडी चौकटीवर पाव इंची वेल्डमेश (लोखंडी तारांची पक्की जाळी) ठोकून करा. दोन्ही बाजूंना कडी. मच्छरदाणीची प्लॅस्टिक जाळी एका रात्रीत कुरतडली जाते. 'वर नुसती जाळी टाकून वीट ठेवतो' म्हणणाऱ्यांनी जर्बिलची उडी पाहिलेली नसते. जागच्या जागी फूटभर सहज जाते, आणि भर वर चढली की झाकण तितकं जवळ येतं.

भर: सगळं इथे अडतं

मला सगळ्यात जास्त छळलं ते याच टप्प्याने, म्हणून इथे जरा सावकाश वाचा. भर खोल टाकणं सोपं आहे. त्या भरीत बोगदा उभा राहणं अवघड आहे. बोगदा रोज ढासळत असेल तर जर्बिल चार दिवसांत खाली जाणं सोडतं आणि परत कोपऱ्यात येतं. मालक म्हणतो, 'इतकी भर टाकली तरी खणतंच की!'

सोलापुरात पहिला सल्ला मिळतो लाकूड वखारीतला भुसा. फुकट मिळतो, म्हणून तो सल्ला मरत नाही. एक तर तो पिठासारखा बारीक, नाकातोंडात जातो. शिंका, लाल डोळे. दुसरं म्हणजे त्यात कुठलं लाकूड, कुठलं पॉलिश याचा पत्ता नसतो. तिसरं म्हणजे त्यात बोगदा होतच नाही, रेतीसारखा तो घसरतो. दुसरा सल्ला शेतातल्या मातीचा. आपली काळी माती ओली असताना चिकटते आणि वाळली की भेगाळून ढेकळं होतात. पेटीत तिला जागा नाही.

भर टिकते ती लांब धाग्यांनी. आखूड कण एकमेकांना धरत नाहीत, लांब तुकडे एकमेकांत अडकून छत धरतात. म्हणून दोन भाग कागदाच्या पट्ट्या आणि एक भाग कडबा.

कागद श्रेडरच्या लांब पट्ट्यांचा हवा, चौकोनी चुऱ्याचा नको. एखाद्या ऑफिसात मागितला तर पोतंभर मिळतो. पण घरी आणल्यावर हाताने चाळा: स्टेपलरच्या पिना, गुळगुळीत रंगीत कागद, चिकटपट्टी, सगळं बाहेर.

कडबा म्हणजे पूर्ण वाळलेली ज्वारी. तिची पानं आणि बारीक काड्याच घ्यायच्या, बोटभर लांबीच्या तुकड्यांत. कुट्टी मशीनमधून निघालेला बारीक कडबा इथे उपयोगाचा नाही, कारण पुन्हा तोच आखूडपणा. जाड धाट घ्यायचंच असेल तर आधी ठेचा, चिरलेल्या धाटाची धार लागते. हिरवी कोवळी ज्वारी चुकूनही नको. तिच्यामुळे जनावरं दगावतात हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. कडबा आणला की गच्चीवर काळ्या प्लॅस्टिकवर पसरून दोन दिवस कडक ऊन द्या. सोलापुरात ऊन तरी मागावं लागत नाही. बुरशीचा वास येणारी पेंढी परत करा.

आता थर. आधी तळाच्या काचेवर एक छोटं मातीचं मडकं आडवं ठेवा. काचेवर, भरीवर नाही. ही त्यांची अंधारी खोली. तोंड तीन बोटं आत जातील इतकं रुंद हवं. संक्रांतीची सुगडं घरात उरलेली असतात, ती एका पिल्लाला पुरतात. मोठ्या जोडीला थोडं मोठं मडकं लागतं. हळद-कुंकू धुऊन टाका, रंगवलेलं नको. मडक्याच्या तोंडाला पुठ्ठ्याची नळी लावून ती तिरकी वर आणा आणि मध्ये एक वळण द्या. सरळ खड्डा हा बोगदा नसतो. वळणाच्या पलीकडे उजेड पोचत नाही, तिथे ते निवांत बसतात.

मग मिश्रणाचा चार बोटांचा थर टाका आणि तळव्याने दाबा. नुसतं थोपटू नका, अंगाचा भार द्या. उशीत कापूस ठासतात तसं कोपऱ्यांतून आधी आणि मध्ये शेवटी. त्यावर दुसरा थर, परत दाब. असं करत किमान दहा इंच. पंधरा जमले तर फारच छान. 'दाबल्यावर त्यांना खणता येईल का?' असं हमखास विचारतात. अहो, त्यांना दाबलेलंच हवं असतं. भुसभुशीत भरीत ते खणत नाहीत, पोहतात.

परीक्षा सोपी आहे. झाडूच्या दांड्याने तिरकं भोक पाडा आणि दांडा काढून घ्या. भोक उभं राहिलं तर सोडा जर्बिलना आत. ढासळलं तर कडबा वाढवा आणि पुन्हा दाबा. पाणी शिंपडून भर बसवायचा उद्योग करू नका. आतला ओलावा सुकत नाही आणि आठवड्यात बुरशी येते.

सगळ्यात महत्त्वाचा इशारा: जड वस्तू भरीवर ठेवू नका. दगड, फरशी, चाक, वाळूचं भांडं, जे काही जड आहे ते तळाच्या काचेवर टेकलेल्या लाकडी पायांच्या फळीवर ठेवा. जर्बिल वस्तूच्या खालूनच खणतं. वरची फरशी खाली बसली की खालचा जीव चिरडतो.

साफसफाईच्या दिवशी सगळी भर फेकू नका. ओली झालेली तेवढी काढा; मोठी सफाई असली तरी तिसरा हिस्सा जुनी भर परत टाका. पोटावरच्या ग्रंथीने त्यांनी घराला आपला वास लावलेला असतो. तो एकदम गेला की कालचे भाऊ आज एकमेकांना चावतात.

कुरतडायला काय

यंत्रमागाच्या गावात राहण्याचा हा फायदा: सुताचे रिकामे कोन आणि पुठ्ठ्याच्या नळ्या कारखान्याबाहेर ढिगाने पडलेल्या असतात. रोज एक टाका, सकाळपर्यंत चुरा होऊन भरीत मिसळतो. फक्त सुताचा एकही धागा वर राहू देऊ नका. आणि चादर-टॉवेलच्या चिंध्या 'मऊ अंथरूण' म्हणून तर अजिबात देऊ नका. धागा पायाला गुंडाळला की पाय काळा पडून जातो. कापसाचंही तेच. साधा टिश्यू पेपर द्या, फाडून घरटं ते स्वतः करतात.

फवारणी न झालेल्या पेरूच्या किंवा तुतीच्या काड्या चालतात. प्लॅस्टिकची घरं आणि पूल नकोत.

चाक भरीव पाठीचं, ११ इंच व्यासाचं. आडव्या गजांच्या चाकात शेपूट अडकते आणि शेपटीची कातडी मोज्यासारखी निघून येते. याच कारणाने शेपटीला धरून उचलायचंही नाही.

अंघोळीला वाळू, पाणी कधीच नाही. नदीची वाळू चाळून, धुऊन, उन्हात खणखणीत वाळवलेली. बांधकामावरची क्रश सँड नको, तिच्यात दगडाची धूळ असते.

खाणं वाटीत देणं बंद करा. रोजचं धान्य भरीवर विखरा, थोडं पुरा. ज्वारीचं वाळलेलं आख्खं कणीस झाकणाच्या जाळीला टांगलं तर सोलण्यात त्यांचा मोठा वेळ जातो, आणि आपलाही. सूर्यफूल आणि करडई मोजक्याच. बिनमिठाची टरफलासकट एक शेंग कधीतरी.

मे महिना आणि फटाके

पारा ४२-४३ वर गेला की वाळवंटी प्राणी आहे, सोसेल, असं धरून चालू नका. तिकडे ते दुपारी जमिनीखाली असतं, काचेच्या पेटीत पत्र्याखाली नसतं. पेटी तळमजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीपासून लांब. शहाबादी फरशीचा तुकडा फ्रिजमध्ये गार करून फळीवर ठेवा, ते त्यावर पोट टेकून पडतात. कूलरचा झोत पेटीवर नको: दमट हवेत त्यांची लव चिकट होऊन उभी राहते. पाण्याच्या बाटलीची गोळी रोज बोटाने दाबून बघा, अडकलेली असली तर उन्हाळ्यात एक दिवसही फार होतो. हनुवटी ओली आणि अंग सैल दिसलं तर गार खोलीत हलवून डॉक्टरांकडे.

गड्ड्याचं (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचं) शोभेचं दारूकाम, दिवाळी, मिरवणुकीतला डीजे: आवाजाने काही जर्बिलना आकडी येते. पेटीच्या तीन बाजूंवर चादर टाका. आकडी आलीच तर हातात घेऊ नका, अंधार आणि शांतता द्या. बहुतेक वेळा थोड्या वेळात ते सावरतं.

तरीही सुटलं तर

पाठलाग नको. दारं बंद, दाराखालच्या फटीत टॉवेल. फ्रिज आणि टीव्हीच्या मागच्या वायरींचे प्लग काढा. मग जमिनीवर लांब पुठ्ठ्याची नळी ठेवा, आत चार सूर्यफुलाच्या बिया, आणि स्वतः खाली बसून राहा. जर्बिल भित्रं कमी, चौकस जास्त, नळीत शिरतंच. दोन्ही टोकांना तळवे लावा आणि सरळ पेटीत. रात्रभर सापडलं नाही तर पेटी जमिनीवर आणून ठेवा, आतल्या जोडीदाराच्या खुडबुडीने ते जवळ येतं.

त्याच वेळी शेजारच्या काकूंना आणि खालच्या दुकानदाराला सांगून उंदराचं औषध उचलायला लावा, लाज बाळगू नका. उंदीर पकडायच्या चिकट पॅडवर अडकलेलं सापडलं तर ओढायचं नाही. गोडं तेल थेंब थेंब सोडत एकेक पाय सुटा करायचा, तेल पुसून घ्यायचं आणि लगेच डॉक्टरांकडे न्यायचं.