इंग्लंडमध्ये घरच्या माणसाला एनएचएसकडून (इथल्या सरकारी आरोग्यसेवेकडून) शुगरचा सेन्सर कसा मिळवाल?

आमचे बाबा, म्हणजे माझे सासरे, संकष्टी कधी मोडत नाहीत. इथे इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात चतुर्थीचा चंद्रोदय रात्री अकराच्याही पुढे जातो. अशाच एका संकष्टीला त्यांनी रोजच्या सवयीने सातला इन्सुलिन टोचून घेतलं आणि चंद्राची वाट बघत बसले. साडेनऊला खोलीत डोकावले तर सदरा घामाने भिजलेला, जीभ जड झालेली. बोट टोचून पाहिलं, शुगर ३.१. इथला आकडा १८ने गुणला की भारतातला आकडा येतो, म्हणजे ५६. संत्र्याचा रस पाजला, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, तेव्हा कुठे ४.६ दिसलं आणि माझ्या जिवात जीव आला.

पुढच्या आठवड्यात डायबेटिसच्या नर्सने विचारलं, काय म्हणतेय तब्येत? बाबा म्हणाले, "ठीक आहे. कधी कधी गळून गेल्यासारखं होतं." मी इंग्रजीत सांगितलं, "टायर्ड." नर्सने तेवढंच टाइप केलं. नंतर सेन्सर मागितला तेव्हा उत्तर आलं की नोंदींमध्ये शुगर लो झाल्याचा उल्लेखच नाही. चार महिने गेले त्यात. तुमचे जाऊ नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

सेन्सर दंडावर मागच्या बाजूला बसतो आणि साधारण १० ते १५ दिवस चालतो. तो रक्तातली नाही, तर कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे बोट टोचून येणाऱ्या आकड्याच्या पाच-दहा मिनिटं मागे असतो. शुगर खाली जाऊ लागली की फोन वाजतो. घरच्या माणसाला खरा आधार आहे तो या अलार्मचाच.

आधी आपण निकषात बसतो का ते बघा. उपचारांचे निकष ठरवणाऱ्या 'नाइस' या संस्थेने मार्च २०२२मध्ये मार्गदर्शक सूचना बदलल्या. टाइप १ असेल तर मोठ्यांना आणि मुलांनाही सेन्सर देऊ करावा, असं त्यात सरळ लिहिलं आहे. टाइप २ला मात्र गाळणी आहे. दिवसाला इन्सुलिनची किमान दोन इंजेक्शनं हवीत आणि शिवाय पुढच्यापैकी एक तरी गोष्ट हवी: शुगर वारंवार लो होते किंवा एकदा तरी गंभीर लो झाली आहे, लो होताना माणसाला जाणवत नाही, आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे स्वतः बोट टोचून तपासता येत नाही, पण सेन्सर वापरता येईल किंवा दुसरं कोणी स्कॅन करून देईल, किंवा एरवी दिवसातून आठ वेळा तरी तपासायचा सल्ला मिळाला असता. इन्सुलिनवर असलेल्या ज्या माणसाची शुगर तपासायला केअर वर्कर किंवा नर्स लागते, त्यांच्यासाठीही वेगळी तरतूद आहे. नुसत्या गोळ्यांवर असाल तर या वाटेने सेन्सर मिळणार नाही, तिथे अर्ज करण्यात वेळ घालवू नका.

आता खरं काम. तीन-चार आठवडे वही ठेवा. तारीख, वेळ, मीटरवरचा आकडा, त्या वेळी काय झालं (घाम, थरथर, बडबड, पडणं), शुद्धीवर आणायला दुसऱ्याची मदत लागली का आणि त्याआधी काय खाल्लं होतं. ४च्या खालचा प्रत्येक आकडा लिहा, मग माणूस कितीही ठणठणीत दिसो. आकडा ३.२ आणि माणूस आरामात पेपर वाचतोय, तर ती जास्त महत्त्वाची नोंद, कारण लो झालेलं त्याला कळत नाही हाच एक निकष आहे. उपासाचे दिवस वेगळ्या शाईने लिहा.

मग जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यात डायबेटिस रिव्ह्यूची वेळ घ्या. हॉस्पिटलच्या डायबेटिस टीमकडे उपचार चालू असतील तर तिथे बोला. जाण्याआधीच ऑनलाइन निरोप पाठवा: टाइप २, दिवसाला इतकी इंजेक्शनं, गेल्या चार आठवड्यांत इतके हायपो (शुगर लो होण्याचे प्रसंग), त्यांच्या तारखा, आणि नाइसच्या अमुक निकषात आम्ही बसतो. हे लेखी गेलं की रेकॉर्डला लागतं. तिथे गेल्यावर 'हायपो' हाच शब्द वापरा. चक्कर, गळाठा, कसंतरी होणं या शब्दांवरून समोरच्याला काहीच कळत नाही. आपली पिढीजात सवय अशी की डॉक्टरपुढे 'बरं आहे' म्हणायचं, त्यांना त्रास नको. बाबांना मी घरी बसवून सांगितलं: बरं आहे म्हणू नका, झालं ते सांगा.

आणि दुभाषा मागा. अपॉइंटमेंट घेतानाच मराठी दुभाषा हवा म्हणून सांगितलं तर एनएचएस तो विनामूल्य देते. सून किंवा मुलगा भाषांतर करतो तेव्हा नकळत सौम्य करून सांगतो. माझ्याकडून तेच झालं.

गाडी चालवणारे बरेच जण लायसन्सच्या भीतीने हायपो लपवतात. इन्सुलिन घेत असल्याचं लायसन्स देणाऱ्या डीव्हीएलएला कळवावंच लागतं. जागेपणी दुसऱ्याची मदत लागेल असा लो वर्षात दोनदा झाला तर गाडी चालवणं थांबवून तेही कळवायचं आहे. ती लपवण्याची गोष्ट नाही, रस्त्यावर दुसऱ्यांचीही मुलं असतात.

नकार आला तर भांडू नका, पण परतही फिरू नका. कोणत्या निकषामुळे नाही म्हणता ते लेखी द्या, असं म्हणा. कधी कधी निर्णय देणाऱ्याने जुनी यादी पाहिलेली असते. तुमच्या भागातल्या आयसीबीचं (एनएचएसच्या स्थानिक मंडळाचं) सेन्सरविषयीचं धोरण त्यांच्या वेबसाइटवर शोधा आणि त्यावर बोट ठेवून पुन्हा विचारा. तरीही दाद मिळाली नाही तर दवाखान्याच्या प्रॅक्टिस मॅनेजरकडे लेखी तक्रार करा, प्रश्न हॉस्पिटलचा असेल तर तिथल्या 'पॅल्स' या रुग्णांना मदत करणाऱ्या विभागात जा. आमचं काम वहीची झेरॉक्स जोडल्यावर झालं.

मंजूर झाल्यावर सेन्सर प्रिस्क्रिप्शनवर फार्मसीतून मिळतो. इंग्लंडमध्ये साठीच्या पुढच्यांना प्रिस्क्रिप्शनला पैसे पडत नाहीत. वय कमी असेल आणि इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर जीपीकडून एफपी९२ए फॉर्म भरून सूट प्रमाणपत्र घ्या, ते पाच वर्षं चालतं. मीटर आणि स्ट्रिपा मात्र टाकून देऊ नका. सेन्सरचा आकडा आणि अंगातली लक्षणं जुळत नसतील तर बोट टोचूनच खात्री करायची. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेत असाल तर सांगा, काही सेन्सर त्याने खोटा वाढीव आकडा दाखवतात.

आई-वडील व्हिजिटर व्हिसावर काही महिन्यांसाठी येणार असतील तर हे सगळं त्यांच्यासाठी धरून चालू नका. सेन्सर आणि इन्सुलिन मुक्कामापुरतं भारतातूनच सोबत आणायला सांगा, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि विमानात हँडबॅगेत ठेवा, कारण सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठू शकतं.

बाबांचा शुगर लो होण्याचा अलार्म आम्ही ५वर लावला आहे. संकष्टीच्या दिवशी संध्याकाळचं इन्सुलिन कधी आणि किती घ्यायचं, हे नर्सने दुभाष्यामार्फत त्यांना समजावलं आणि तो कागद देवघराशेजारी चिकटवलेला आहे. अलार्म वाजला की चंद्र उगवलेला असो वा नसो, आधी रस घ्यायचा, हे त्यांनी स्वतःहून कबूल केलं आहे.