तलवारबाजीची बॅग घेण्याआधी

बॅग बघायला बाहेर पडण्याआधी घरातल्या मोकळ्या फरशीवर पूर्ण किट मांडा. मुलाकडे आज आहे तेवढंच नाही, स्पर्धेला जाताना लागेल तेवढं सगळं: दोन हत्यारं (फॉइल, इपी किंवा सेबर, या तीन प्रकारच्या तलवारींपैकी मूल जी खेळतं ती), जमलं तर तीन, दोन बॉडी वायर (हत्यार गुण दाखवणाऱ्या यंत्राला जोडणाऱ्या), फॉइल किंवा सेबर खेळत असेल तर दोन मास्क वायर आणि लामे, म्हणजे धातूच्या धाग्यांचं, जॅकेट, मग मास्क, जॅकेट, ब्रीचेस (गुडघ्यापर्यंतची पँट), प्लास्ट्रॉन (जॅकेटच्या आत घालायचं संरक्षक कापड), मुलगी असेल तर चेस्ट गार्ड, ग्लोव्ह, गुडघ्यापर्यंतचे मोजे, बूट. हत्यारं आणि वायरी जोडीने धरायच्या, कारण ऐन लढतीत एक बंद पडली आणि दुसरी जवळ नसली तर पंच पिवळं कार्ड काढतात. हा ढीग डोळ्यांसमोर असला की ‘छोटीशीच घेऊ, मूल मोठं झालं की बदलू’ हा विचार आपोआप मागे पडतो.

आता टेप घ्या. फॉइल आणि इपीची एकूण लांबी नियमाने जास्तीत जास्त 110 सेंटिमीटर, सेबरची 105. लहान मुलांची 0 किंवा 2 नंबरची पाती याहून आखूड असतात. पण शालेय स्पर्धेत मूल 14 वर्षांखालच्या गटातून 17 च्या गटात जाईपर्यंत बहुतेकांच्या हातात 5 नंबरचं, म्हणजे पूर्ण लांबीचं पातं आलेलं असतं. म्हणून बॅग आतून किमान 115 सेंटिमीटर हवी, 118 मिळाली तर उत्तम. जाहिरातीत लिहिलेली लांबी पुष्कळदा बाहेरची असते, आणि चाकं, फोम, तळाची पट्टी यांत काही सेंटिमीटर जातात. विक्रेत्याला स्पष्ट विचारा, ‘आतून किती?’ त्याला सांगता येत नसेल तर दुकानात हत्यार नेऊन घालून बघा. कोंबून बसवलेलं हत्यार आत वाकून राहतं. फॉइल आणि इपीच्या पात्याच्या खाचेत बारीक तार चिकटवलेली असते, ती अशाने सुटते किंवा तुटते, आणि ते कळतं थेट स्पर्धेत, टोक लागूनही गुणाचा रंगीत दिवा लागत नाही तेव्हा.

क्रिकेटची किटबॅग चालेल का, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात निघतो. ती कुठल्याही गावात मिळते आणि स्वस्त पडते. पण क्रिकेटची बॅट नियमानुसार 96.5 सेंटिमीटरपेक्षा लांब असू शकत नाही आणि किटबॅगा त्याच अंदाजाने शिवलेल्या असतात. फॉइल तिरकी सरकवली तर चेन कशीबशी लागते खरी, पण टोक कोपऱ्यात रुतून बसतं आणि थोड्याच दिवसांत कापडातून बाहेर डोकावायला लागतं. 0 नंबरचं हत्यार वापरणाऱ्या मुलाचं त्यात एखादं वर्ष निभावेल, त्यापुढे नाही.

लांबीचा हिशेब झाला की मी सगळ्यात आधी बघते ते ओल कुठे जाणार. रंग, कप्प्यांची संख्या, बाहेर छापलेलं नाव हे सगळं त्यानंतर. सरावानंतर जॅकेट, प्लास्ट्रॉन आणि ग्लोव्ह घामाने चिंब असतात, आणि त्याच बॅगेत पोलादी पाती आणि धातूच्या धाग्यांनी विणलेलं लामे असतं. पाती गंजतात. उच्च दर्जाच्या मॅरेजिंग पोलादाची महागडी पातीसुद्धा गंजापासून सुटत नाहीत. लामेचं दुखणं याहून वाईट. घामातल्या मिठाने त्यावर आधी काळपट आणि मग हिरवट डाग पडतात, त्या जागी वीज नीट वाहत नाही. वेपन चेकिंगला, म्हणजे स्पर्धेतल्या सामानाच्या तपासणीत, मीटरची दोन टोकं लावून बघतात तेव्हा लामेच्या कुठल्याही दोन बिंदूंमधला अवरोध 5 ओहमच्या आत लागतो. डाग पडलेला भाग तिथे हमखास पकडला जातो आणि ऐन वेळी दुसऱ्याचं लामे मागत फिरावं लागतं.

म्हणून बॅगेत हत्यारांचा कप्पा आणि कपड्यांचा कप्पा पूर्ण वेगळा हवा, मधल्या पडद्यासकट. नुसती जाळीची फट चालत नाही, मधलं कापड पाणी न झिरपणारं असावं. कपड्यांच्या बाजूला मात्र बाहेरच्या अंगाला जाळी हवीच, नाहीतर आतली हवा कोंडते. लामेसाठी लांबच लांब सपाट खिसा असेल तर ती बॅग माझ्या यादीत वर जाते, कारण लामे चौपदरी घडी घालून ठेवलं की घडीच्या रेषेवर धागे तुटतात. असा खिसा नसेल तर ते सैल गुंडाळून कोरड्या पिशवीत ठेवायचं. बुटांना वेगळी पिशवी द्या आणि ती मास्कच्या वर कधीही ठेवू नका. मास्कच्या जाळीला पोचा पडला तर चेकिंगमध्ये मास्क बाद होऊ शकतो. आणि बॅग कितीही चांगली असली तरी घरी आल्याबरोबर ओलं सामान बाहेर काढून वाळत घालावंच लागतं, पावसाळ्यात मुंबई-कोकणात तर पंख्याखाली. हे मुलाने स्वतः करायचं काम आहे, आईचं नव्हे.

पुढचा प्रश्न: बॅग रोज कशावरून जाणार? आपल्याकडे निम्मी मुलं स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून सरावाला जातात. तिथे चाकांच्या भल्यामोठ्या बॅगेचा काही उपयोग नाही. पाठीला उभी लावली तर डोक्याच्या वर येते, आडवी धरली तर शेजारच्या रिक्षेला लागते. रोजच्यासाठी हत्यारांची सडपातळ पिशवी, तिला दोन खांद्यांचे पट्टे, आणि कपडे-मास्क साध्या सॅकमध्ये, ही जोडी मला सगळ्यात सोयीची वाटते. क्लबमध्ये कुलपाची जागा असेल तर हत्यारं तिथेच राहू द्यावीत. चाकांची मोठी बॅग फक्त स्पर्धेच्या प्रवासाला. ती दोन घरांत मिळून एक घेतली तरी चालते, फक्त दोघं एकाच स्पर्धेला निघाली की प्रश्न उभा राहतो, तेवढं आधी ठरवून घ्या.

चाकांची बॅग घेताना दुकानात ती रिकामी ओढून काही कळत नाही. आत दहा किलो वजन टाका आणि वळवून बघा. दोन चाकं जितकी एकमेकांपासून लांब, तितकी ती कलंडत नाही. चाकांचा धुरा आत प्लॅस्टिकच्या कडक पट्टीत बसवलेला हवा, नुसत्या कापडाला खिळे मारून नव्हे. जिना चढताना उचलायला दोन्ही टोकांना मूठ हवी. आणि रिकाम्या बॅगेचं वजन विचारा. देशांतर्गत विमानाच्या साध्या तिकिटावर बहुतेक वेळा 15 किलोच सामान मोफत जातं, आणि मोठी चाकांची बॅग रिकामीच चार-पाच किलोंची असू शकते. कडक कवचाची पेटी तर आणखी जड. लांबी, रुंदी, उंचीची बेरीज 158 सेंटिमीटरच्या वर गेली की ती मोठ्या मापाचं सामान ठरते, आणि तलवारबाजीची जवळजवळ कुठलीही बॅग जाते. तेव्हा तिकीट काढतानाच विमान कंपनीचे खेळाच्या सामानाचे नियम वाचा. हत्यारं केबिनमध्ये नेता येत नाहीत, ती चेक-इनच करावी लागतात. मास्क, लामे, ग्लोव्ह आणि बूट मात्र हातातल्या बॅगेत घ्या. सामान एक दिवस उशिरा पोचलं तर हत्यार उसनं मिळतं, आपल्या मापाचे बूट मिळत नाहीत.

रेल्वेचं गणित वेगळं. डब्यात सोबत नेण्याच्या पेटी-सूटकेसचं कमाल माप नियमात 100 × 60 × 25 सेंटिमीटर आहे, थ्री-टियर एसीसाठी तर याहून बरंच कमी. आपली बॅग त्यात बसत नाही. टीसी सहसा बोलत नाहीत, पण बॅग वाटेत आडवी पडलेली दिसली की बोलतात. त्यामुळे ती खालच्या बर्थखाली सरकलीच पाहिजे. मऊ बॅग दाबून सरकते, कडक पेटी अडते. स्टेशनवरच्या स्कॅनरमध्ये पाती दिसली की पोलीस बाजूला घेऊन विचारतात, ते बरोबरच आहे. शाळेचं किंवा जिल्हा संघटनेचं पत्र आणि खेळाडूचं ओळखपत्र बाहेरच्या खिशात ठेवा, खोल आत नको.

परदेशी कंपनीची बॅग मागवली तर मूळ किमतीवर जकात आणि पाठवणीचा खर्च चढतो. हा खर्च झेपत नसेल तर गावातला बॅग शिवणारा उत्तम काम करतो, त्याला नीट सांगता आलं पाहिजे एवढंच. आतून 118 लांब, 35 रुंद, 30 उंच. जाड मॅटी कापड, तळाला रेक्झिन. चेन 10 नंबरची, दोन रनरची, आणि तीन बाजूंनी फिरलेली, म्हणजे झाकण पूर्ण उघडतं. हँडलचा पट्टा बॅगेच्या तळाखालून फिरवून घ्यायला सांगा, वरच्या कापडावर नुसता शिवला तर भरल्या बॅगेत पहिल्यांदा तोच उसवतो. पात्यांची टोकं जिथे येणार त्या बाजूला आतून रेक्झिनचा दुहेरी तुकडा लावून घ्या. हत्यारं ठेवताना एकाचं गार्ड (मुठीपुढची हात झाकणारी वाटी) या टोकाला, दुसऱ्याचं त्या टोकाला. फॉइलचं गार्ड 12 सेंटिमीटरपर्यंत, इपीचं 13.5 पर्यंत रुंद असतं, दोन्ही एकाच बाजूला आली की बॅग तिथेच फुगते.

फॉइल-इपी खेळणाऱ्यांना एक बंद होणारा छोटा खिसा लागतो. टोकाचे मोहरीएवढे स्क्रू, स्प्रिंग, बारीक स्क्रूड्रायव्हर, अॅलन की आणि चिकटपट्टी त्यात. उघड्या खिशात ठेवलेला स्क्रू पुन्हा सापडत नाही. सेबरवाल्यांना टोकाची ही भानगड नाही, त्यांचा हा खिसा वायरींना कामाला येतो. चेकिंगला द्यायच्या वस्तू, म्हणजे हत्यारं, वायरी, मास्क, लामे, वरच्या बाजूला राहतील अशीच बॅग भरा, म्हणजे रांगेत उभं राहून सगळं किट व्हरांड्यात ओतावं लागत नाही.

बॅग घरी आली की बिल आणि लेबल काढून टाकू नका. पूर्ण किट भरा, मुलाच्या खांद्यावर द्या आणि त्याला दोन मजले चढून-उतरून यायला सांगा. पट्टा रुतत असेल, चेन अडत असेल किंवा टोक कुठे टोचत असेल तर त्याच आठवड्यात बदलून घ्या. ठीक असेल तर आत आणि बाहेर, दोन्हीकडे पक्क्या शाईने नाव आणि पालकांचा फोन नंबर लिहा. राज्य स्पर्धेच्या हॉलमध्ये एका भिंतीला काळ्या बॅगांची रांगच्या रांग लागलेली असते.