कथेतला न्यायवैद्यक तपासनीस कसा उभा करावा

महाराष्ट्रात घडणाऱ्या रहस्यकथेसाठी न्यायवैद्यक तपासनीस रंगवताना प्रथम त्याच्या अधिकाराची सीमा ठरवून घ्यावी. शवविच्छेदन शासकीय रुग्णालयातील डॉक्टर करतात, बोटांच्या ठशांचे काम राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे असते आणि रक्त, व्हिसेरा (मृतदेहातून काढलेले आंतरिक अवयवांचे नमुने), विष यांची तपासणी मुंबईतील कलिन्यासारख्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत होते. त्यामुळे एकाच नायकाकडून ही सगळी कामे करून घेतल्यास जाणत्या वाचकाचा विश्वास उडतो.

खरे नाट्य मुद्देमालाच्या प्रवासात असते, असे माझे ठाम मत आहे. रक्ताने भिजलेला सदरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधला तर ओलाव्यामुळे जिवाणू वाढतात आणि डीएनए नष्ट होऊ लागतो, म्हणून तो सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायचा, पंचांसमक्ष सील करायचा आणि तो कोणाच्या हातून कोणाकडे गेला याची प्रत्येक नोंद जपायची. यातील एका निसटलेल्या सहीवर बचाव पक्षाच्या वकिलाची संपूर्ण उलटतपासणी उभी करता येते. ल्युमिनॉल या रक्ताचे डाग शोधणाऱ्या रसायनाचा निळा उजेड दाखवायचा असेल, तर तो ब्लीचमुळेही दिसतो हे पात्राला ठाऊक असू द्यावे.

कथा १ जुलै २०२४ नंतरची असल्यास त्या दिवशी लागू झालेल्या, फौजदारी तपासाची पद्धत ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७६ अवश्य वाचावे. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत, राज्याने अधिसूचित केल्यावर, न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे त्यात बंधनकारक केले आहे.